चुन्याच्या पाण्यातली चकती

साडेचार वर्षं माझं काम एका चकतीचं वजन करणं हे होतं. चकती पाण्यातून चिमट्याने उचलायची, टिपकागदावर टेकवायची, तराजूत ठेवायची, आकडा वहीत लिहायचा आणि चकती परत पाण्यात सोडायची. नातेवाइकांनी विचारलं की मी "संशोधन" असं सांगत असे. त्यावर ते मान डोलवत. "कशाचं?" असं पुढे विचारणारे थोडे होते, आणि त्यांतले बहुतेक माझं उत्तर संपण्यापूर्वी दुसऱ्या विषयावर जात. त्यामुळे मी उत्तर लहान करत गेलो. शेवटी घरीही "काम चाललंय" एवढंच सांगू लागलो. ही माझी पहिली चूक. दुसरी पुढे येईल.

काम काय होतं ते आता नीट सांगतो. सब्जा पाण्यात टाकला की फुगतो हे सर्वांना माहीत आहे. पण फुगलेला सब्जा पुन्हा आकसत नाही. आमची चकती दोन्ही करायची. पारदर्शक, मऊ, रबर आणि जेलीच्या मधली. पाणी आंबट असलं की ती आकसून रुपयाच्या नाण्याएवढी व्हायची, वजन साधारण १.३१ ग्रॅम. आंबटपणा गेला की तासाभरात पाणी पिऊन पाणीपुरीच्या पुरीएवढी व्हायची, वजन १२.४६ ग्रॅम. म्हणजे साडेनऊपट. वीज नाही, तार नाही, मोटर नाही.

ही कल्पना झाडाच्या पानातून घेतलेली होती. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन पेशी असतात, मिटलेल्या ओठांसारख्या. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडतं, आकसल्या की बंद होतं. कोणी हुकूम देत नाही. आमचे प्रमुख वशीसाहेब नवीन माणसाला पहिल्याच दिवशी लिलीच्या पानाची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत. मलाही दाखवली होती. "बस, आपल्याला एवढंच करायचंय," ते म्हणाले होते. "देवानं पानात केलं, आपण पाइपात करायचं."

पाइप म्हणजे रंगकाम करणाऱ्या कारखान्यांचा. सुरतेत साडीच्या कापडाला रंग देतात ते पाणी आंबट असतं. ते तसंच बाहेर सोडायचं नसतं. आधी टाकीत त्याचा आंबटपणा मारायचा, मग झडप उघडायची. हे काम एक माणूस हाताने करतो. दर थोड्या वेळाने तो टाकीत उतरतो, कागदाची पट्टी बुडवून रंग पाहतो, आणि ठरवतो. आमची चकती झडपेमागे बसवली की पाणी चांगलं झाल्यावर ती फुगणार आणि झडप ढकलून उघडणार. पाणी पुन्हा आंबट आलं की आकसणार, झडप बंद.

पांडेसऱ्यातल्या एका कारखान्याचे शेठ हे पाहायला आमच्याकडे आले होते. त्यांनी चकती बोटावर घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "आ तो जेली छे. आमां बुद्धी क्यां छे?"

वशीसाहेब म्हणाले, "बुद्धी पानातही नसते, शेठ. तरी ते दुपारी खिडकी लावून घेतं."

"माझी माणसं तर सांगूनही लावत नाहीत," शेठ म्हणाले, आणि चकती तयार झाली की आपल्या कारखान्यात प्रयोग करायला परवानगी देऊन गेले.

त्यांच्या टाकीवर भिकनभाऊ होते. मूळचे पारोळ्याकडचे, राहायला नवागामला, वय पन्नासच्या आसपास. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, शेठशी गुजराती, आणि माझ्याशी या तिन्हींची मिसळ. मी अमळनेरचा आहे कळल्यावर ते मला परका मानेनासे झाले. चकतीचं काम मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी ती बराच वेळ निरखली.

"म्हणजे मी जे करस ते हाऊ तुकडा करी?"

"हो. तुम्हाला टाकीत उतरायला लागणार नाही."

"आन पगार? तो बी यालेच का?"

मी हसलो. तेही हसले. पुढे झडपेची मापं घ्यायला मी गेलो की ते चहा मागवत आणि आम्ही कोपऱ्यातल्या गोण्यांवर बसून पीत असू. असा चहा मी निदान चाळीस वेळा प्यालो असेन. त्या गोण्या कशाच्या आहेत हे मला दिसत होतं. पँटला पांढरं लागायचं, ते झटकून मी उठायचो. वहीत मात्र ते कधी लिहिलं नाही.

आता माझ्या घरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माझी बायको शैला अमळनेरला शाळेत कायम नोकरीला होती. मुलगी अनघा तेव्हा नऊ वर्षांची. माझी सुरतेची जागा प्रकल्पातली, दर मार्चला मुदत वाढणारी. अशा जागेच्या भरवशावर शैलाने नोकरी सोडावी असं मी म्हणू शकत नव्हतो. म्हणून मी उधन्याला एका खोलीत राहत होतो आणि महिन्यातून एकदा शनिवारी पॅसेंजरने घरी जात होतो. पण चकतीचा पहिला टप्पा यशस्वी झाला आणि दुसरा मंजूर झाला, तर माझी जागा कायम होणार होती आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. तसं लेखी नव्हतं, पण वशीसाहेबांनी दोनदा सांगितलं होतं, आणि ते उगाच बोलणारे नव्हते. मग शैला राजीनामा देणार आणि अनघाला सुरतेच्या मराठी शाळेत घालणार, असं आमचं ठरलं होतं. अनघाने क्वार्टरमधली खिडकीजवळची जागा आधीच मागून ठेवली होती. क्वार्टर तिने पाहिलेलं नव्हतं.

यशाची अट अशी. चकतीने आकसणं आणि फुगणं मिळून एक फेरी. अशा तीनशे फेऱ्या सलग झाल्या पाहिजेत आणि तीनशेव्या फेरीत फुगण्यात दहा टक्क्यांहून जास्त घट होता कामा नये. एक फेरी दोन तासांची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दिवसाला पाच फेऱ्या, म्हणजे साठ दिवस, रविवार धरून. सहा चकत्या एकदम. मध्ये एका रात्रीहून मोठा खंड नको, कारण चकती एकाच अवस्थेत पडून राहिली की तिची सवय बदलते.

आणि वजन मीच करायचं. यात बढाई नाही. ओल्या चकतीवरचं पाणी टिपायचं असतं. प्रत्येक बाजू तीनदा टेकवायची, दाबायची नाही, दर वेळी मनात तीन अंक मोजायचे. कमी टिपली तर वरचं पाणी वजनात येतं, जास्त टिपली तर आतलं निघतं. हात बदलला की आकडा बदलतो. आम्ही दोन वेळा दुसऱ्या सहायकाला बसवून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा मालिका टाकून द्यावी लागली होती.

ही मालिका मी चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या आठवड्यात सुरू केली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बेचाळीस दिवस झाले, दोनशे दहा फेऱ्या. घट चार टक्के. वशीसाहेब रोज संध्याकाळी वही पाहून माझ्या खांद्यावर हात ठेवून जात.

मग सुरतेत प्लेगची बातमी आली.

किती लोक शहर सोडून गेले याचे आकडे मी नंतर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे वाचले. मी मोजले नाहीत, म्हणून देत नाही. माझ्या खोलीच्या गल्लीत अकरा घरं होती, त्यांतली नऊ दोन दिवसांत बंद झाली, एवढं मी पाहिलं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं ट्रकमध्ये उभी राहून जात होती. औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिन संपलं. वशीसाहेब कुटुंबाला घेऊन नवसारीकडच्या गावी निघाले तेव्हा किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाले, "वाणीभाई, तमे पण जाव. मालिका पुन्हा करता येईल."

मला कोणी थांबवलं नव्हतं, हे लिहून ठेवतो.

त्याच दिवशी मी एसटीडी बूथच्या रांगेत दोन तास उभा राहून अमळनेरला फोन लावला. फोन आमच्या समोरच्यांकडे होता. शैलाला बोलावून आणलं.

"निघालात का?" तिने विचारलं.

"नाही अजून. साठातले बेचाळीस दिवस झालेत."

"तिथलं गाव रिकामं होतंय म्हणतात."

"प्रयोगशाळेत मी एकटाच आहे. लागण व्हायला दुसरा माणूस तरी हवा."

ती हसली नाही. "अनघाच्या अंगात कणकण आहे."

"डॉक्टरांना दाखव."

"दाखवते." मग आवाज खाली आणून, कारण त्या घरात माणसं असणार, ती म्हणाली, "तुम्ही या."

"रीडिंग तुटतील, शैला."

मागचा माणूस माझ्या पाठीवर बोटाने टकटक करत होता. "बरं," ती म्हणाली.

पुढे कित्येक वर्षं मी सांगत आलो की मी गेलो नाही कारण माझ्याबरोबर रोग घरी गेला असता. हे कारण खोटं नाही. तो विचार माझ्या मनात आला होता. पण तो बूथमधून बाहेर पडल्यावर, खोलीकडे चालताना आला. आधी आले ते दोनशे दहा.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत मी एकटा. पंखे बंद असले की तराजूचा आवाज ऐकू यायचा. सकाळी सात वाजता मी खिचडी करायचो, निम्मी खायचो, निम्मी डब्यात घ्यायचो. पावणेआठला कुलूप उघडायचं. आठ, नऊ, दहा, अकरा, दर तासाला सहा वजनं. मधल्या वेळात खिडकीत उभं राहिलं तर रस्त्यावर कुत्री आणि क्वचित औषधाची फवारणी करणारी गाडी. त्या दिवसांत मी दिवसाला किती वाक्यं बोललो ते मोजता आलं असतं. वहीवाचून मला कोणी नव्हतं, आणि वहीत फक्त आकडे लिहायचे असतात.

शुद्ध पाणी करण्याच्या यंत्राची कॉइल पहिल्याच दिवशी जळली. नवी आणायला दुकान उघडं नव्हतं. साठवणीतलं पाणी तीन दिवस पुरलं. दोनशे पंचवीस फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी बाटल्या हलवून पाहिल्या तर चार चकत्यांना कसंबसं पुरेल एवढंच उरलं होतं. सहांपैकी दोन बाजूला काढाव्या लागणार होत्या. तेव्हा मला सुचलं की या दोन थेट कारखान्याच्या पाण्यावर चालवाव्यात. प्रकल्पाचा निकाल ठरवणारी आढावा समिती कधीतरी विचारणारच होती की खऱ्या पाण्यात पाहिलंत का. दोन कॅन घेऊन मी सायकलने पांडेसऱ्याला गेलो. खरं सांगतो, जाताना मी खूश होतो.

कारखाना बंद होता. भिकनभाऊ फाटकाशी बसले होते. घरचे सगळे गावी गेलेले, हे एकटे राहिलेले.

"तुम्ही का नाही गेलात?" मी विचारलं.

"गयथू ना. वेशीवरच थांबाडं. सुरतना शे, म्हने, मांगे फिर." त्यांनी हात झटकला. "बायकापोरं मावशीकडे लपाडीसन उनू. आठे बरं शे. आठे कोनी इचारत नही."

बायकापोरांना गावाकडे लपवून ते एकटे परतले होते. कारखान्याच्या टाक्या मात्र भरलेल्या होत्या. एका कॅनमध्ये मी आंबट पाणी घेतलं, दुसऱ्यात आंबटपणा मारलेलं. प्रयोगशाळेत येऊन पट्टीने पाहिलं तर आंबटपणाचा आकडा आमच्या शुद्ध पाण्याच्या द्रावणाशी तंतोतंत जुळत होता. मी दोन चकत्या त्यात सोडल्या.

त्या दिवशी एकच फेरी उरली होती, तीत बारा ग्रॅमच्या जागी ७.९२ भरले. मी तराजू तपासला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या फेरीत ४.३५, पुन्हा तराजू तपासला. तिसऱ्या फेरीत २.२०. चौथ्या फेरीत १.७४, आणि त्यानंतर हालचालच नाही. पारदर्शक चकत्या ओल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या आणि घट्ट झाल्या. त्याच दुपारी मी उरलेल्या चारांतली एक त्या पाण्यात घातली, तिसऱ्या दिवशी आणखी दोन, एकेक करून. आधीच्या तिन्हींचं जे झालं तेच दोघींचंही झालं. एक शिल्लक ठेवली.

मेलेली चकती मी भिकनभाऊंकडे घेऊन गेलो. दाखवायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी ती नखाने दाबून पाहिली.

"कडक व्हयनी."

"पाण्यात काय टाकता तुम्ही, भाऊ?"

त्यांनी ज्या गोणीवर मी चाळीस वेळा बसलो होतो तिच्याकडे हनुवटी केली. "चुना. आखो काय? चुन्यासारखं स्वस्त काय शे?" मग दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडले. भेगा पडलेले, पांढुरके, टाचेसारखे. "मना हात देखा. इतला वरीस घालात त्याम्हा."

प्रयोगशाळेत आम्ही आंबटपणा मारायला कॉस्टिक सोडा वापरत होतो. तो स्वच्छ असतो, मोजायला सोपा. आंबटपणा किती राहिला हा आकडा आम्ही साडेचार वर्षं लिहिला. तो कशाने मारला, हा रकाना वहीत नव्हताच. ही दुसरी चूक, आणि ही वशीसाहेबांची आणि माझी मिळून.

लोक परतले, दुकानं उघडली, वशीसाहेब आले. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली. ओरडले नाहीत. ते म्हणाले, "हे दिवस नेहमीसारखे नव्हते. खोलीचं तापमान धरलेलं नव्हतं, पाणी गाळलेलं नव्हतं. त्यात रंगाचा अंश असेल, आणखी काय काय असेल. मंजूर पद्धतीत कारखान्याचं पाणी आहेच कुठे? दोनशे पंचवीसपर्यंतची मालिका आपली. पुढची पानं अहवालात घालायचं बंधन नाही."

यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मी म्हणालो, विचार करतो.

दिवाळीला घरी जाताना मी दोन बरण्या बरोबर घेतल्या. एकीत उरलेली चांगली चकती शुद्ध पाण्यात, दुसरीत मेलेली. कशासाठी घेतल्या ते तेव्हाही सांगता आलं नसतं. अनघा बरी झाली होती, पण गाल बसले होते. मला पाहून ती धावली नाही, दारात उभी राहिली. शैला नेहमीसारखी बोलत होती, फक्त माझ्याकडे न पाहता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघराच्या फळीवर बरण्या पाहिल्या. मेलेली चकती तिने वाटीत काढली होती.

"पेठा कुणी दिला? एकच फोड?"

"पेठा नाही तो."

"मग काय आहे?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी ओट्याजवळ उभा राहून तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पान, पेशी, पाइप, भिकनभाऊ, तीनशे फेऱ्या, कॅन, गोणी. ती करंज्यांचं पीठ मळत ऐकत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "चुन्यात टाकल्यावर दुसरं काय होणार?"

"म्हणजे?"

"कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात. नाहीतर पाकात विरघळून जातात. निवळीतून काढल्या की टणक होतात. मग कितीही धुवा, कितीही शिजवा, परत मऊ होत नाहीत. माझी आई दर वर्षी करायची." तिने हात धुतले. "मला विचारायचं होतं."

कोहळ्याची फोड म्हणजे पेशींचाच गठ्ठा. आम्ही पेशीकडून फुगणं शिकलो, आकसणं शिकलो, आणि चुना लागल्यावर ती काय होते हे मात्र अमळनेरच्या स्वयंपाकघरात राहिलं होतं.

तरी खात्री हवी होती. विड्याला लावायचा चुना घरात होता. मी बरोबर आणलेल्या शुद्ध पाण्यात तो कालवला, निवळी काढली, आणि शेवटची चांगली चकती शैलाच्या वाटीत घालून वर निवळी ओतली. त्यात रंग नव्हता, कारखान्याचा गाळ नव्हता, प्लेग नव्हता. फक्त चुना. दुपारपर्यंत चकती पांढरी झाली.

वशीसाहेबांची सगळी कारणं त्या वाटीत संपली.

जेवणं झाल्यावर मी शैलाला उरलेलं सांगितलं. की ती पानं अहवालात नसली तर बहुतेक दुसरा टप्पा मिळेल.

"म्हणजे क्वार्टर."

"हो."

"आणि असली तर?"

"तर नाही."

ती बराच वेळ पाट पुसत राहिली. "मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "न सांगता केलं असतंत तर मी आले असते. मला कळलंही नसतं. आता मी कशी येऊ?"

ती उठली आणि शाळेच्या वह्यांच्या कपाटातून एक शंभर पानी वही घेऊन आली. मागची दोन पानं उघडून माझ्यासमोर ठेवली. तारीख, वेळ, ताप. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहा. नऊ दिवस, एकही खाडा नाही. शेजारी लहान अक्षरात शेरे.

"बाप सुरतेला आणि पोरीला ताप, असं कळलं असतं तर गल्लीने वाळीत टाकलं असतं," ती म्हणाली. "कोणालाही सांगितलं नाही. दार लावून शाळेत रजा टाकली. डॉक्टरांनाही मागच्या दाराने बोलावलं. मलेरिया निघाला. ते कळेपर्यंतचे पाच दिवस मी काय विचार करत होते ते तुम्हाला नाही सांगणार." मग वहीवर बोट ठेवून म्हणाली, "तुमची रीडिंग तुटली. माझी नाही तुटली."

अहवालात मी सगळी पानं घातली. पाण्याच्या पुढे "चुन्याने आंबटपणा मारलेले" असा रकाना नव्याने आखला आणि अमळनेरच्या वाटीतला प्रयोगही जोडला, घरी केलेला, असं स्पष्ट लिहून. वशीसाहेबांनी सही केली. आढावा समितीने अहवालाच्या सचोटीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि दुसरा टप्पा नामंजूर केला. सगळे कारखाने चुनाच वापरतात, तेव्हा ही चकती त्यांना निरुपयोगी, असं त्यांचं म्हणणं. चुन्याला न जुमानणारी दुसरी जात करून पाहता आली असती. एक वर्ष आणखी मिळालं असतं तर आम्ही केली असती असं मला अजून वाटतं, पण वाटण्याला आकडा नसतो.

मार्चमध्ये मी किल्ल्या परत केल्या. वशीसाहेब जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तमे साचा छो, वाणीभाई. पण एकला पडी जशो." मी खरा आहे, पण एकटा पडेन. मी त्यांना सांगितलं नाही की ते साडेचार वर्षं उशिरा सांगत होते.

त्यानंतर मी पांडेसऱ्यातच एका कारखान्याच्या पाणी तपासणीच्या खोलीत लागलो. अजून तिथेच आहे. खोलीही तीच, उधन्याची. शैला अमळनेरला मुख्याध्यापिका झाली. अनघा आता बारावीला आहे, जीवशास्त्र घेतलंय. एका शनिवारी तिने मला पानाच्या छिद्रांची आकृती काढून दाखवली आणि पेशी कशा फुगतात ते समजावलं. मी ऐकून घेतलं. भिकनभाऊ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शेवटच्या दिवसापर्यंत टाकीत उतरत होते. भेटले की विचारतात, "तो तुकडा कोठे शे?"

तुकडा एका बरणीत आहे. माझी वही आणि शैलाने फाडून दिलेली ती दोन पानं एकाच पिशवीत ठेवली आहेत. सुरुवातीला मी ती वेगवेगळी वाचायचो. एका रविवारी दोन्ही शेजारी ठेवून तारखा लावल्या. सत्तावीस सप्टेंबर, सकाळचे दहा. माझ्या वहीत आहे: चकती क्रमांक ३, ४.३५ ग्रॅम, तराजू तपासला. तिच्या पानावर आहे: १०३.२, पट्टी ठेवली, बाबा आले का विचारते.